बटणावरचा हात

शर्टाच्या पट्टीला चिमट्याने अडकवलेला तो माइक मिरीच्या दाण्याएवढाच होता, पण बाबा दर मिनिटाला हनुवटी छातीला टेकवून त्याच्याकडे बघत होते — किडा बसलाय, उडवला तर कुणाला राग येणार नाही ना, अशा बेताने. तिला वाटलं, उठावं आणि काढून टाकावा. पण तो लावला होता साउंडवाल्याने, आणि साउंडवाला बाहेर फुटपाथवर घडीच्या स्टुलावर बसला होता, कानांवर हेडफोन चढवून, आणि बाबांचा श्वाससुद्धा आता त्याच्या कानात जात होता... आज सांगायचं. आजच सांगायचं. पण ह्या मिरीच्या दाण्यादेखत कसं सांगायचं?

दुकान कसलं, जिन्याखालची खोली. एक मोठा माणूस आणि एक लहान मूल मावेल एवढी, आणि मोठ्या माणसाने उठताना डोकं सांभाळायचं. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, फळीवर किल्ल्या कापायचं मशीन, मशीनखाली पितळेचा कीस. सतरा वर्षांनी शटर उघडलं ते गायिका म्हणून तिच्यावर निघणाऱ्या फिल्मसाठी, आणि दिग्दर्शिकेने कीससुद्धा झाडू दिला नव्हता. "जसं आहे तसं राहू दे," ती म्हणाली होती, "खरं दिसलं पाहिजे." खरं! — तिला हसू आलं होतं, आणि ते तिने खोकल्यात ढकललं होतं.

सकाळी बाबांना गाडीतून उतरवताना ताईने तिचा दंड धरला होता. चांगला जोरात. बाबांना आता कालचं आठवत नाही आणि परवाचं भलतंच आठवतं, आणि हे सगळं ताईच्या घरात, ताईच्या डोळ्यांसमोर चाललेलं... ताईला चिडायचा हक्क होता.

"आज सांगून टाक," ताई म्हणाली. "मी सांगून सांगून थकले. मी सांगितलं की म्हणतात, तू माझी लाज राखतेस. तुझ्या तोंडून ऐकू देत एकदा. दोन वाक्यं गं. तुमचा हात माझ्यावर कधी उठला नाही, मी खोटं बोलले. संपलं."

"सांगते."

"गेल्या वर्षीपण सांगतेच म्हणालीस."

"अगं, सांगते म्हटलं ना!"

ताईने गाडीचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "जेवायला बसले की उजवा हात मांडीखाली घालतात, माहितीये तुला? डाव्या हाताने जेवतात. अर्धं अंगावर सांडतं. का, तर म्हणे ह्या हाताने पोरीला मारलं."

त्यानंतर ताई आत आलीच नाही. समोरच्या इमारतीच्या पायरीवर बसून राहिली, मांडीवर बाबांच्या गोळ्यांची पिशवी घेऊन.

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला — ह्यापलीकडे त्या खोट्यात काही नव्हतं. शपथेवर सांगते, काही नव्हतं. एकोणीस वर्षांची होते मी. माझं गाणं सगळीकडे वाजत होतं, रिक्षात, लग्नात, न्हाव्याच्या दुकानात, आणि गाण्याच्या सुरुवातीला ते मशीन — कर्र करत चढत जाणारं, चढता चढताच ठेका होणारं. मुलाखत घेणारा गोड माणूस होता. त्याने विचारलं, हे मशीन कसलं? ती म्हणाली, माझ्या वडिलांचं, किल्ल्या बनवायचं. तो म्हणाला, मग तुम्ही गायला लागता तरी ते थांबत का नाही? साधा प्रश्न. उत्तरही साधंच होतं, की गाण्यात थांबत नाही, दुकानात थांबायचं. पण ते सांगितलं असतं तर त्याने मान डोलावून पुढच्या कागदाकडे बघितलं असतं. मघापासून तो तसाच बघत होता, घरचे कसे आहेत, छान आहेत, शाळा कशी होती, छान होती... आणि तिला त्याने आपल्याकडे बघायला हवं होतं. "थांबवायचेच नाहीत ते," ती म्हणाली. "मी गायले की मुद्दाम जोरात चालवायचे." आणि त्या माणसाने हातातले कागद खाली ठेवले.

एवढंच. कागद खाली ठेवले, एवढ्यासाठी.

मग ते वाढत गेलं. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात, पण रेटावं लागतच नाही, ते आपल्या पायांनी चालतं. दुसऱ्या मुलाखतीत थप्पड आली. तिसरीत बाबांनी टेपरेकॉर्डर पायरीवर आपटून फोडला. लोक रडले. घरात तिला लाडाने ठिणगी म्हणायचे, मशीनमधून उडतात त्या ठिणग्या बघून टाळ्या पिटायची म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. लोकांनी त्याचा अर्थ अन्यायाची आग वगैरे लावला, आणि हजारो माणसं मैदानात उभी राहून तेच नाव ओरडायला लागली. एका कार्यक्रमानंतर एक मुलगी गळ्यात पडली, म्हणाली, तुमच्याकडे बघून मी घर सोडलं, माझा बापपण असाच आहे. तिच्या पाठीवरून हात फिरवताना मनात आलं होतं, की हिचा बाप खरा आहे. माझा उसना.

आणि बाबा? बाबांनी कधी विचारलं नाही. एकदा फक्त, दुकान बंद केलं त्या वर्षी, म्हणाले होते, "गिऱ्हाइकं जरा विचित्र बघतात गं. चालायचंच." तेव्हा त्यांना सगळं आठवत होतं. ठाऊक होतं त्यांना, पोरगी खोटं बोलतेय, आणि तरी चालायचंच! आता ठाऊक असलेलं तेवढं गळून गेलं, आणि टीव्हीवर वर्षानुवर्षं ऐकलेलं तेवढं मागे राहिलं.

"काका, मशीन चालू करा," बाहेरून दिग्दर्शिका म्हणाली. "आणि मॅडम, तुम्ही त्या डब्यावर बसा, लहानपणी बसायचात तशा. मशीन चालू राहील आणि तुम्ही गायला लागा. बस, एवढंच."

ती डब्यावर बसली. गुडघे पोटाशी आले. बाबांनी एक कोरी किल्ली काढली, बोटांनी चाचपली, मशीनच्या जबड्यात बसवली — हाताला सगळं येत होतं, एकदाही चाचरला नाही — आणि बटण दाबलं. कर्र. दात शिवशिवले. तिने श्वास घेतला, पहिली ओळ धरली...

खट्.

मशीन बंद. चाक फिरत फिरत मंदावलं आणि थांबलं, आणि त्या शांततेत तिचा आवाज एकटाच राहिला. बाबांचा उजवा हात बटणावर होता. ते तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"कट! काका, बंद नाही करायचं हं. चालूच ठेवायचं."

"हो हो. चुकलं," बाबा म्हणाले.

पुन्हा कर्र. पुन्हा पहिली ओळ. पुन्हा खट्.

...शाळेतून आलं की ह्याच डब्यावर. पाय हलवत. आणि मनात आलं की गायचं, विचारायचं नाही. गायला लागलं की खट्, आणि समोर किल्लीसाठी उभा असलेला माणूस कावायचा, अहो मालक, मला घरात जायचंय, कुलूप आहे दाराला! आणि बाबा म्हणायचे, "घर कुठे पळून जातंय? पोरीचं कडवं होऊ दे." टेपरेकॉर्डर आणला तोही त्यांनीच, कुणाकडून तरी जुना, आणि तिच्या हातून जिन्यावरून पडला तेव्हा कुलपातली स्प्रिंग घालून पुन्हा चालता केला. त्यावरची पहिली टेप तिने पुढे गाणं बसवणाऱ्या संगीतकाराला नेऊन दिली होती. मशीन, मग खट्, मग शांतता, मग आठ वर्षांच्या पोरीचा आवाज. संगीतकार ऐकून उडालाच. म्हणाला, मशीन सोनं आहे, पण हे मधे थांबतं ते काढू. वाढत जाऊ दे, तू त्याच्यावर चढून गा. काढलं त्याने. दोन मिनिटांचं काम. ती त्याच्या शेजारीच बसली होती, आणि तिला ते आवडलं होतं. टेप मागाहून कुठेतरी हरवली.

"काका!" तिसऱ्यांदा बंद झालं तेव्हा दिग्दर्शिका आत वाकली. चिडली नव्हती, पण चेहरा गोंधळलेला होता. "काका असं का करतायत?" तिने हिला विचारलं. सरळ हिलाच विचारलं.

आता! ह्याहून सोपं काय असतं? तिन्ही वेळा तो हात आपण होऊन खरं बोलला होता. नुसतं बोट दाखवायचं, म्हणायचं, अहो, ते नेहमी असंच करायचे...

"वय झालंय त्यांचं," ती म्हणाली. "पाच मिनिटं द्या आम्हाला."

दिग्दर्शिका गेली. कॅमेरावालाही पाणी प्यायला गेला. जिन्याखाली दोघंच राहिली आणि पितळेचा वास. बाबा उजव्या हाताकडे बघत होते, ऐकत नसलेल्या पोराकडे बघावं तसे.

"हात ऐकत नाही गं," ते म्हणाले. "त्या बाई म्हणतात चालू ठेवा, आणि हा बंदच करतो. तेव्हा तर चालू ठेवायचो ना मी? तू गायला लागलीस की?"

तिने हात पुढे केला आणि त्यांच्या शर्टावरचा माइक मुठीत धरला. घट्ट. बाहेर साउंडवाल्याने हेडफोन ठाकठीक केला, मग काढून मांडीवर ठेवला आणि कुणाशीतरी बोलायला लागला. आता कुणीही ऐकत नव्हतं. जगात कुणीही नाही.

"ठिणगे, एक विचारू?" बाबा आणखी हळू झाले. "मी तुला मारलं त्याचं... तू माफ केलंस का मला?"

बोल. दोन वाक्यं. ताईने तयार करून दिलीत, नुसती म्हणायची. बाबा, तुमचा हात — तिने तोंड उघडलं, आणि लक्षात आलं, की हे वाक्य तिने आयुष्यात एकदाही उच्चारलेलं नाही. जिभेला त्याची वाटच माहीत नाही. दुसरं मात्र तयार होतं. दोनशे स्टेजांवर म्हटलेलं, गाण्याच्या आधी, दिवे मंद झाले की, कुठे थांबायचं, कुठे आवाज ओला करायचा, सगळं बसलेलं.

"केव्हाच, बाबा," ती म्हणाली. "केव्हाच माफ केलं मी तुम्हाला."

आणि आवाज ओला झाला. बरोबर जागेवर.

तिला वाटलं होतं ते रडतील, हलके होतील, निदान एक घास तरी उजव्या हाताने खातील. आपण हे त्यांच्यासाठीच म्हणालो असं तिने तेवढ्यात ठरवूनसुद्धा टाकलं होतं. पण त्यांनी नुसती मान हलवली, हळूहळू, हिशेब चुकलाय हे शेवटी पटलेल्या माणसासारखी.

"म्हणजे मारलं होतं," ते म्हणाले. "ताई म्हणते, नाही मारलं. मला वाटायचं, तिचंच खरं असेल. म्हटलं, तुला विचारावं एकदा."

"बाबा —"

"नाही, बरं झालं सांगितलंस." त्यांनी तिच्या गुडघ्यावर डाव्या हाताने थोपटलं. "बरं झालं."

तिची मूठ अजून मिटलेलीच होती. माइकचा चिमटा तळव्यात रुतला होता आणि तिला एकच कळत होतं, की आतापर्यंत प्रत्येक वेळी कुणीतरी ऐकत होतं, म्हणून आपण खोटं बोललो. आत्ता कुणीच ऐकत नव्हतं. मग कुणासाठी? म्हण ना आता. अजूनही वेळ आहे, ते इथेच बसलेत, वीतभर अंतरावर... उघडलेल्या तोंडातून नुसती हवा बाहेर गेली.

"झालं का?" दिग्दर्शिका आली. साउंडवाल्याने हेडफोन चढवला आणि अंगठा वर केला. तिने मूठ सोडली.

बाबांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला. खोलवर, मनगटापर्यंत. मग अवघडून, अंग वळवून, डाव्या हाताने बटण दाबलं.

कर्र.

ती गायला लागली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. मशीन चालू होतं. खिशाचं कापड आतून हलत होतं, हात ओढ घेत होता, पण बाबांनी वरून डाव्या हाताने खिसा दाबून धरला होता आणि ते तिच्याकडे बघून मान डोलवत होते, बघ, जमलं, अशी. तिसऱ्या ओळीआधी ती थांबली. थांबायचं ठरलेलं नव्हतं. तिने थोडा वेळ वाट बघितली, आत्ता होईल, आत्ता, एवढंसं खट्, ते कसं वाजायचं ते तिने कानात शोधून बघितलं — मघाशीच तर तीनदा ऐकलं होतं! — आणि तिथे नुसतं मशीन होतं, गाण्यातलं, चढत जाणारं.

"सुंदर!" दिग्दर्शिका कुजबुजली. "थांबू नका, गा."

ती गायला लागली, मशीनच्या वर चढून.