नवसाचा कोंबडा

शामकलाला अंगणात कोंबड्या पाळायच्या होत्या. अंगण होतं, तांदळाची कणी होती, आणि शेजारची रुख्माबाई भर नळावर म्हणाली होती, "तुह्या हातानं कोंबडी जगली तं मी मिशा ठेवीन!" मुर्री गावात यापेक्षा कमी कारणावर लोकांनी लग्नं मोडली आहेत.

मुलगा भुपेंद्रनं मोबाइलवर पाहून सगळं सांगितलं. दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा, खुराड्याला दार, कुंपणाला खालपासून बारीक जाळी. नवरा चुन्नीलाल सालेकशाच्या बाजारातून पाच कोंबड्या आणि एक लाल कोंबडा घेऊन आला. जाळी त्यानं पुढच्या आठवड्यावर ठेवली.

पुढच्या आठवड्यात मानमोडी आली. या रोगात कोंबडीची मान पिळवटते आणि ती स्वतःभोवती फिरत मरते. दोन कोंबड्या अशा फिरल्या आणि मोरीजवळ पडल्या. लाल कोंबडाही चोच जमिनीला टेकवून बसला. शामकला धावत गावाबाहेर मातामाय देवीपुढे गेली.

"माय, याले वाचव. वाचला तं मंडईच्या दिवशी यालेच तुह्यासमोर कापीन."

हा सौदा कोंबड्याला कोणी समजावून सांगितला नाही. तो वाचला.

पोळा नुकताच झाला होता. मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते दिवाळी झाल्यावर. तोवर त्याला ओरखडाही येऊन चालणार नव्हता, कारण तुरा फाटलेला किंवा पाय मोडलेला जीव मातामायला देत नाहीत. शामकलानं त्याच्या कपाळाला हळद लावली. त्या दिवसापासून तो 'देवाचा' झाला आणि घरातले बाकीचे माणसांचे राहिले.

मरणाचा दिवस ठरला की काही जीव नरम पडतात. देवाचा त्यातला नव्हता. आधी त्यानं काळ्या कोंबडीचा तुरा मुळासकट उपटला. रक्त दिसताच उरलेल्या दोघी तिच्यावर तुटून पडल्या आणि दुपारपर्यंत तिच्या पाठीचं हाड उघडं पडलं. भुपेंद्र म्हणाला, मोबाइलवर याला कळपातला क्रम ठरणं म्हणतात. क्रम ठरला. काळी संध्याकाळी मेली. तिच्यामागून तिला टोचणाऱ्या दोघींपैकी एकीचा नंबर लागला. तिला देवाच्यानं एकट्यानंच संपवलं. उरली एकटी कबरी कोंबडी.

मग चुन्नीलालची पोटरी. देवाच्याच्या पायाची नखी आत घुसली आणि चपलेत रक्त साचलं. चुन्नीलालनं काठी उचलली, शामकलानं ती वरच्या वर धरली.

"हानू नोका जी! नवसाचा हाये तो."

"अन् मी कोनाचा हावो?"

"तुमच्यासाठी कोनी नवस केला हाये का?"

चुन्नीलालनं जरा आठवून पाहिलं आणि काठी ठेवून दिली.

रुख्माबाई ही गंमत बघायला कुंपणाशी आली. देवाचा उडाला तो थेट तिच्या तोंडावर. भुवई फाटली, डोळा थोडक्यात वाचला, दवाखान्यात टाके पडले. कोंबड्याच्या कपाळाची हळद दिसल्यामुळे तिनं रक्त पुसत आधी त्याला हात जोडले. शिव्या मग चुन्नीलालला दिल्या.

अशात कबरी खुडूक झाली. शामकलानं चुलीमागच्या कोपऱ्यात तणसावर अंडी मांडली आणि तिला वर बसवलं. त्या दिवसापासून शामकला घर सोडून कुठं गेली नाही. भावाकडे कार्यक्रम होता, तिथंही नाही.

चुन्नीलाल म्हणाला, "माह्या बिमारीत तं तू माहेरी जाऊन राहिली होती."

"तुमी का अंड्यावर बसले होते?"

पिल्लं निघाली त्या सकाळी शामकला एकटीच हसत होती. ऊन चढल्यावर तिनं कबरीला पिल्लांसह अंगणात सोडलं आणि देवाच्यावर बांबूचं डालगं पालथं घातलं. चुन्नीलालला ते पाहवलं नाही. देवाच्याला कोंडणं बरं नव्हे म्हणून पोटरी सांभाळत त्यानं डालगं उचललं.

जाळी नव्हतीच. कुंपणाखालून मुंगूस आलं.

देवाच्यानं ते सगळ्यात आधी पाहिलं. एकदा ओरडला आणि उडून छपराच्या कवेलूंवर जाऊन बसला. कबरी जागची हलली नाही. मुंगसानं एका पिल्लाचं डोकं दातात धरलं तशी ती त्याच्या डोळ्यांवर तुटून पडली. पिसं आणि माती उडाली. मुंगसानं पिल्लू सोडून तिचा गळा धरला. शामकला मुसळ घेऊन धावली. पहिला घाव जमिनीवर पडला. दुसऱ्यानं मुंगसाची कंबर मोडली. नंतरचे घाव नुसत्या रागाचे होते. कबरीचा गळा अर्धा फाटला होता, तरी पंख पसरून तिनं पिल्लं पोटाखाली घेतली आणि तशीच त्यांच्यावर कलंडली.

सगळं शांत झाल्यावर देवाचा खाली उतरला. मेलेल्या मुंगसावर चढून आरवला. मग कबरीच्या पंखाखालून बाहेर आलेलं एक पिल्लू त्यानं चोचीत धरलं आणि दगडावर आपटलं. दोनदा.

शामकलानं मुसळ टाकलं. त्याला दोन्ही पाय धरून उचललं तेव्हा त्यानं तिचं मनगट फाडलं. तिनं ते पाहिलंसुद्धा नाही. भाजी चिरायची पावशी ओट्यावरच होती.

चुन्नीलाल लंगडत आला. "अवो, कायले असं करून राहिली? मंडईले आखीन दिवस हायेत! माय कोपन!"

"माय हाये ना ते? मंग तिले समजन."

"अन् नाही समजलं तं?"

"तं मले घेऊन जाईन. तुमी सरका तिकडं."

पावशीवर मान एकाच ओढीत तुटली. धड अंगणभर पळालं, तुळशीला धडकलं, चुन्नीलालच्या पायाशी आलं. चुन्नीलालनं सवयीनं पोटरी झाकली.

कुंपणापलीकडून रुख्माबाईनं टाक्यांवर हात ठेवून सगळं पाहिलं. मग तिनं बिनडोक्याच्या धडालाही हात जोडले.

शामकला कबरीजवळ जमिनीवर बसली. उरलेली पिल्लं गार पडलेल्या अंगाखालून एकेक करून काढली आणि पदराखाली घेतली. जरा ऊब मिळताच ती बाहेर आली, भुकेनं ओरडू लागली. चुन्नीलालनं मूठभर कणी आणून टाकली. पिल्लांनी कणीकडे पाहिलं नाही. शामकलाच्या मनगटातून पायावर लाल थेंब पडत होते, तेच पिल्लं टोचू लागली.

शामकलानं पाय हलवला नाही.