पडद्यावरची फुली

मी जुनी झाले आहे, पण बिघडलेली नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या आयुष्यातली सगळी गडबड या दोन गोष्टींत गल्लत केल्यामुळे झाली.

मी जॉयस्टिक आहे. घरच्या संगणकावर खोटे विमान उडवायचे, तर त्याची दांडी म्हणजे मी. कारखान्यात एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून माझ्या बुडाशी स्प्रिंग बसवली. मला चारी दिशांना कलवून सोडले. दर वेळी मी मध्यावर परत आले, तेव्हा त्यांनी माझ्यावर हिरवी चिकटपट्टी लावली. माझ्या जातीकडून अपेक्षा एवढीच असते. सोडले की मध्यावर यायचे, आणि हलले तर किती हलले ते संगणकाला खरे सांगायचे.

मला विकत घेतले ते उस्तादांनी. ते मालधक्क्यावर क्रेन चालवत. उस्ताद हे त्यांचे नाव नव्हे. कामावरच्या माणसांनी दिलेली ती पदवी. घराच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, त्यांनी भंगारातल्या गाडीची सीट फळ्यांवर ठोकली, समोर पडदा मांडला आणि उजव्या हाताशी मला स्क्रूंनी घट्ट बसवले. दिवसभर लोखंडी पेट्या उचलून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा दांडीच धरतो, याचे त्यांच्या पत्नीला हसू येई. त्यांना सगळे वहिनी म्हणत. मीही तेच म्हणते.

"अहो, दिवसभर पेट्या हवेत, संध्याकाळी तुम्ही हवेत," वहिनी म्हणत. "जमिनीवरची कामं कुणी करायची?"

सुट्टीच्या दिवशी उस्तादांचे सोबती येत. आडव्या वाऱ्यात उस्ताद विमान उतरवत आणि बाकीचे श्वास रोखून बघत. "उस्तादांनी अंड्यावर पेटी टेकवली, तरी आतल्या पिल्लाची झोप मोडायची नाही," असे एकजण नेहमी म्हणे. त्या कौतुकात माझाही थोडा वाटा आहे असे मला वाटे.

लांबच्या प्रवासात उस्ताद ऑटोपायलट लावत. मग विमान आपले आपण सरळ जाते. मात्र आमच्या विमानात दांडी जराशी जरी हलली, तरी वैमानिकाला ताबा परत हवा आहे असे समजून ऑटोपायलट बाजूला होतो आणि भोंगा वाजतो. त्या वेळी उस्तादांना काहीच काम नसे. ते हात नुसता माझ्यावर टेकवून ठेवत.

एके दिवशी आम्ही समुद्रावरून जात होतो. खाली पाणी, वर ढग, बाकी काही नाही. उस्ताद मान वळवून वहिनींशी पगारी रजेबद्दल बोलत होते. तेवढ्यात त्यांच्या तळव्यातून माझ्या अंगात काहीतरी उतरले. मुठीत पाखरू धरावे तशी फडफड. पण पाखरू घाबरून फडफडते, मध्येच थांबते. ही थांबत नव्हती. ती एका ठेक्यात चालली होती, जणू कुणी आत बसून मोजत होते.

मी ते संगणकाला सांगितले. भोंगा वाजला. विमान हळूहळू एका अंगावर कलू लागले.

उस्तादांनी मला घट्ट धरले. त्याच क्षणी फडफड नाहीशी झाली.

"मी हात हलवलाच नाही!" ते म्हणाले. आणि ते खरेच बोलत होते. त्यांना काहीच कळले नव्हते.

त्यानंतर हे वरचेवर होऊ लागले. ते लक्ष देऊन बसले, मला पकडून तपासू लागले, की ती थरथर लपून बसे. लक्ष दुसरीकडे गेले, हात सैल पडला, की ती हळूच बाहेर येई. तिला माणसाची पाठ फिरलेली बरोबर कळे. भोंगा, कलणारे विमान, आणि कुणीही काहीही केलेले नाही. वहिनींनी मागच्या खोलीत एकटीने इस्त्री करणे सोडले.

"कुणीतरी आहे तिथे," त्या आपल्या धाकट्या भावाला म्हणाल्या. तो संगणक दुरुस्त करायचा.

"ताई, भूत असतं ना, तर एवढ्यात एखादा शर्ट तरी इस्त्री करून ठेवला असता," तो म्हणाला.

त्याने मला उघडले, धूळ पुसली, स्प्रिंग दाबून पाहिली, तारा मोजयंत्रावर तपासल्या. दोष सापडला नाही. पण दोष नाही म्हणून काम सोडून उठणे कारागिराला जड जाते. "वय झालंय हिचं, भाऊजी," त्याने ठरवून टाकले. "थांबा, हिला थोडी बहिरी करतो."

संगणकात डेड झोन नावाची एक सोय असते. मध्याभोवती एक कुंपण घालायचे, आणि त्याच्या आत दांडी कितीही हलली तरी ते कुणी ऐकायचे नाही. त्याने ते कुंपण वाढवले. बहिरी मी झाले नव्हते. माझे बोलणे ऐकू येणे बंद झाले होते.

भोंगा थांबला. घरात सगळ्यांना हायसे वाटले. वहिनी पुन्हा इस्त्रीला बसू लागल्या. पडद्यावर विमान दोरीत ओवल्यासारखे सरळ जाई, उस्ताद समाधानाने ढगांकडे बघत बसत, आणि त्यांच्या शांत तळव्याखाली ती फडफड दिवसेंदिवस मोठी होत होती. मी प्रत्येक हेलकावा कळवत होते. तो कुंपणाच्या आतच पडून राहत होता.

एकदा उस्ताद कामावरून आले आणि वहिनींना म्हणाले, "आज पेटी लटकलेली होती, खाली पोरं साखळी सोडवत होती. वारा नव्हता. मी काही करत नव्हतो. तरी पेटी डुलत होती."

"केबल सैल असेल."

"तपासली. क्रेन ठणठणीत आहे."

"मग क्रेनचंही वय झालं असेल."

उस्ताद हसले. मला हसता आले नाही.

त्यांची लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती चार दिवसांसाठी घरी आली आणि तिने जुन्या रखडणाऱ्या संगणकातले सगळे पुसून नव्याने बसवले. त्यात मामाने घातलेले कुंपणही गेले. संध्याकाळी उस्ताद विमान घेऊन निघाले आणि भोंगा वाजला.

"झालं सुरू!" ते वैतागले. "मामाला फोन कर गं. तो करतो हिला बहिरी."

"थांबा बाबा. आधी बघू तरी काय म्हणतेय ती."

तिने पडद्यावर एक रिकामी चौकट उघडली. चौकटीत एक छोटी फुली होती. मी जिथे असेन तिथे ती फुली असते. उस्ताद मागे रेलून सांगू लागले, की उद्या मोठे जनित्र उचलायचे आहे, शेडच्या छपरावरून पलीकडे न्यायचे आहे, खाली माणसे असणार. हात माझ्यावर टेकलेला होता. फुली थरथरू लागली.

"बाबा, हात काढा."

फुली थांबली.

"ठेवा. बोलत राहा."

फुली चालू झाली.

"आता डावा ठेवा."

फुली खिळ्याने ठोकल्यासारखी उभी राहिली.

"अगं, मी हलवत नाहीये," उस्ताद म्हणाले. त्यांनी उजव्या हाताने मला घट्ट धरून दाखवले. "हे बघ. आहे का काही?" काहीच नव्हते.

"नाहीये. आता सोडा, नुसता टेकवा. जनित्राचं सांगत होता ना?"

ते सांगू लागले. सांगता सांगता त्यांनी सहज पडद्याकडे पाहिले, आणि वाक्य अर्ध्यावर राहिले. फुली थांबली नाही. खोलीतले बाकी सगळे थांबले होते, वहिनींची इस्त्रीसुद्धा. ती एवढीशी रेघांची फुली एका ठेक्यात, कुणाचीही पर्वा न करता, चालली होती.

"हे कोण करतंय?" उस्तादांनी हळू आवाजात विचारले.

मग त्यांनी डाव्या हाताने फोन उचलला.

"उद्या मी क्रेनवर चढत नाही," ते मुकादमाला म्हणाले. "ताप नाही रे. हात."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "उस्ताद, तुमचा हात? चेष्टा करता काय गरिबाची?"

"चेष्टा असती तर बरं झालं असतं. दुसऱ्याला चढव. आणि तो येईपर्यंत जनित्राला हात लावू नका."

पुढे डॉक्टरांनी त्या थरथरीला आजाराचे नाव दिले, गोळ्या दिल्या. उस्ताद आता खाली उभे राहून नव्या चालकांना शिकवतात. हात खिशात असतो. वरच्या केबिनकडे ते फारसे बघत नाहीत.

मी अजून त्याच खोलीत आहे. माझा रंग बोटांच्या जागी उडाला आहे, स्प्रिंग कुरकुरते. ते कुंपण पुन्हा कुणी घातले नाही. गोळीचा असर उतरू लागला, की सगळ्यांत आधी मला कळते, आणि मी सांगते.

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू पुन्हा पुन्हा कुरकुर करत असेल, तर तिला जरूर दुरुस्त करा. पण तिचे तोंड बंद करण्याआधी एकदा बघा, तिच्यावर कुणाचा हात आहे.

आत्ताही आम्ही समुद्रावर आहोत. भोंगा वाजला आहे, विमान कलू लागले आहे. इस्त्री बाजूला ठेवल्याचा आवाज आला. वहिनी येत आहेत.

"सरका," त्या म्हणतात. "दांडी आता माझ्याकडे द्या."