पंचवीस अक्षरांची किल्ली

भवानीनगरला गाडी बदलून सुप्रिया निरवांगीत उतरली तेव्हा साडेअकरा वाजले होते. एप्रिलचं ऊन डोक्यावर आलं होतं. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात फ्लॉप्यांचा डबा, आणि डोक्यावरून घेतलेला पदर वाऱ्यानं सारखा मागं पडत होता. बारामतीत भिगवण रस्त्याला तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एकोणीसशे नव्याण्णव साल ते; अख्ख्या पंचक्रोशीत बोटांवर मोजण्याइतके कॉम्प्युटर, आणि ते उघडणारी बाईमाणूस तर ती एकटीच. त्यामुळं पत्ता विचारायच्या आतच पारावरच्या माणसांनी "मानसिंगरावाकडं ना?" म्हणून वाट दाखवली.

मानसिंगराव ठिबक सिंचनाचे डीलर होते. बाप मेंढरं राखायचा. यांनी कळप मोडून चार एकर ऊस केला आणि पुढं नळ्या, फिल्टर, व्हॉल्व्ह यांच्या धंद्यात शिरले. शेताचा आराखडा कॉम्प्युटरवर काढून देणारा तालुक्यातला पहिला डीलर म्हणून त्यांचं नाव झालं होतं. मागच्या ऑगस्टमध्ये त्यांनी मशीन घेतलं, पुढच्या खोलीत टेबलावर मांडलं आणि घरात सगळ्यांना बजावलं, की याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

"परवापासनं निस्ता काळा पडदा येतोय," ते म्हणाले. "पांढरी अक्षरं येत्यात आन् थांबतंय. विंडोज काय येत न्हाय."

सुप्रियानं मशीन सुरू करून पाहिलं. विंडोज ज्या फाइलीत स्वतःची सगळी माहिती लिहून ठेवतं, तीच फाइल खराब झाली होती. तिनं राखीव प्रती एकेक लावून पाहिल्या. त्याही खराब निघाल्या.

"पुन्हा नव्यानं टाकावं लागेल," ती म्हणाली. "सीडी आहे ना?"

"हाय की!" मानसिंगरावांनी कपाटातून सीडी काढून दिली.

"आणि तिच्याबरोबरचं पुस्तक? निळं, पातळसं. त्याच्यावर चमकणारा कागद चिकटवलेला असतो आणि पंचवीस अक्षरांचा नंबर. विंडोज टाकताना मशीन तो नंबर विचारतं. तो नसला तर काम पुढं सरकत नाही."

कपाट उपसून झालं. खोकं उघडलं, तर त्यात नळ्यांचे जोड भरले होते. पावतीपुस्तकं, कंपन्यांची कॅलेंडरं, लग्नपत्रिका, सगळं खाली आलं. निळं पुस्तक काही आलं नाही.

सुप्रियाचा एक नियम होता: किल्ली हातात आल्याशिवाय जुनं काहीही पुसायचं नाही. धंदा सुरू केला त्या वर्षी तिनं एका गिऱ्हाइकाचं मशीन आधी पुसलं आणि मग नंबर शोधत बसली. आठ दिवस तो माणूस रोज दुकानात येऊन तिच्यासमोर नुसता बसून राहायचा. त्या आठ दिवसांत ती जे शिकली ते कुठल्या डिप्लोम्यात नव्हतं.

"नंबर मशीनच्या आतही लिहिलेला असतो," ती म्हणाली. "बघते सापडतो का."

तिनं काळ्या पडद्यावरच ती खराब फाइल उघडली. चौकोन, टिंबं, उलटेसुलटे शब्द, त्यात मधूनच एखादं ओळखीचं इंग्रजी वाक्य. पडद्यामागून पडदा सरकवत ती वाचत गेली. असं दुसऱ्याच्या मशीनच्या पोटात डोकावायला तिला लहानपणापासून आवडायचं; फरक एवढाच की तेव्हा घरचा रेडिओ होता आणि मार खावा लागायचा. अर्ध्या तासानं तिला नंबराची जागा सापडली. पहिली पाच अक्षरं स्वच्छ होती. पुढं नुसता चिखल.

पण त्याच्या जरा वरतीच आणखी एक ओळ शाबूत होती. विंडोज टाकताना मालकाचं नाव विचारतं, ती ओळ. तिथं मानसिंगरावांचं नाव नव्हतं. तिथं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: मुक्ता.

"मशीन बसवून द्यायला दुकानाचा माणूस आला होता, त्यानं नाव काय टाकलं होतं?" सुप्रियानं सहज विचारल्यासारखं केलं.

"माझंच की. सुरू केल्यावर दिसायचं बी. पुढं कधी बघितलं न्हाय."

"मध्ये कधी बिघडलं होतं का हे?"

"व्हय! दिवाळीच्या आदी. असंच काळं पडलं हुतं." मानसिंगराव खुर्चीत पुढं सरकले. "आन् मला जळगावला ट्रेनिंगला जायचं हुतं. म्हणलं, राहू दे. वरनं चादर घातली, तीन दिवस आराम दिला. आलो तर बेणं झकास चालू! मशीन तापतंय ताई, त्येला इसावा लागतो. लासुर्ण्याच्या पतसंस्थेचं बंद पडलं तवा त्येंनाबी मीच सांगितलं, चार दिस झाकून ठेवा म्हणून."

"मग?"

"त्येंचं न्हाय झालं सुरू," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

सुप्रियानं विंडोज टाकल्याची नोंद ठेवणारी फाइल पाहिली. ऑगस्ट नव्हता. ऑक्टोबरची बारा तारीख, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. चादरीखाली मशीननं स्वतःहून सीडी घालून घेतली नव्हती, एवढं नक्की.

आता तिला नंबरापेक्षा माणसाचंच कुतूहल वाटायला लागलं. तिनं फ्लॉप्या काढल्या आणि आधी आराखडे उतरवून घ्यायला बसली. मानसिंगरावांचे आराखडे शेतकऱ्यांच्या नावानं होते: गेणबा, रावजी, सोपान. पण एका आडबाजूच्या कप्प्यात वेगळी चित्रं निघाली. नावं गावांची होती. मोरगाव, सासवड, भोर, वरंधा, महाड.

"काका, महाडला तुमचं काम चालतं?"

"महाडला?" मानसिंगराव हसले. "तितं पाऊस उघडत न्हाय, ठिबक कोण लावतंय? असलं काय मी काढलेलं न्हाय. व्हायरस असंल."

प्रत्येक चित्रापुढं तारीख आणि वेळ होती. वार वेगवेगळे, वेळ मात्र एकच, दुपारी एक ते तीन.

"दुपारचे तुम्ही घरी असता का हो?"

"छ्या! दुपारी मी शिवारात. जेवण बी डब्यातच."

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. सोपान नावाचा शेतकरी फिल्टर तुंबल्याची तक्रार घेऊन आला होता. "अर्ध्या तासात आलो, ताई. च्या घ्या तवर," असं म्हणून आणि आत चहाचं ओरडून सांगून मानसिंगराव त्याच्या मागं बसून गेले.

चहा घेऊन आलेली बाई पंचेचाळिशीची असेल. ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. कप टेबलावर ठेवताना तिची नजर आधी पडद्यावर गेली आणि मग सुप्रियाकडं.

"काकू, तुमचं नाव काय?"

"मुक्ताबाई."

सुप्रियानं कप उचलला. "ऑक्टोबरात विंडोज कुणी टाकलं, ते कळलं म्हणायचं मला," ती हळूच म्हणाली.

मुक्ताबाई चटकन दारातून बाहेर बघून आल्या. मग पदर खोचून समोरच्या स्टुलावर बसल्या. लपवाछपवी करायची म्हणून नव्हे, तर किती दिवस पोटात ठेवलेलं सांगायला माणूस मिळालं म्हणून.

"माझ्याच हातनं बिघडलं हुतं," त्या म्हणाल्या. "ह्ये काय, त्ये काय म्हणून एक एक दाबून बघत हुते. काहीतरी पुसलं गेलं. ह्येंना वाटलं आपोआप बंद पडलं. ह्ये जळगावला गेल्यावर मी त्ये निळं पुस्तक काढलं. इंग्रजी मला पोरीच्या पुस्तकातनं अक्षरापुरतं येतंय, अर्थ न्हाय लागत. पण चितरं हुती की. चितरात जसा पडदा, तसा हितं आला का बघायचं, आला की पुढं जायाचं. तीन दुपारी गेल्या."

"तीन?"

"नंबर चुकायचा ना! एक अक्षर चुकलं की घेत न्हाय. आन् कुठलं चुकलंय त्ये सांगत बी न्हाय. निस्तं न्हाय म्हणतंय."

सुप्रियाला हसू फुटलं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी तिच्या वर्गातली निम्मी पोरं याच ठिकाणी रडकुंडीला आली होती. "आणि ते पुस्तक कुठं आहे आता?"

मुक्ताबाई आत गेल्या, ट्रंकेचं झाकण वाजलं. घोंगडीच्या घडीत ठेवलेलं पुस्तक त्यांनी आणलं, पण त्याचा वरचा कोपरा उंदरांनी पार भुस्सा करून टाकला होता. चमकत्या कागदाचा तुकडा शिल्लक होता आणि शेवटची सात अक्षरं.

"पाच मशीनमधली, सात इथली. बारा झाली," सुप्रिया म्हणाली. "मधली तेरा गेली."

"जायाला काय झालं? ती माझ्याजवळ हायेत."

"लिहून ठेवलीत?"

"लिवून कशाला?" मुक्ताबाईंनी डोळे बारीक केले. "माझ्या बापाची दोनशे मेंढरं हुती. दहा वर्साची असताना एक हरवलं तर कुठलं हरवलं त्ये मी बाकीच्यांची तोंडं बघून सांगायची. हितं तर पंचवीसच. आन् पाच-पाचाची टोळी करून उभी केल्याली."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. नावं त्यांना सगळ्या अक्षरांची येत नव्हती. क्यूला त्या शेपटीवाला भोपळा म्हणाल्या, वायला गलोल, आणि एकाला ‘एम उताणा पडलेला’. सुप्रिया कागदावर उतरवत गेली. तिसऱ्या टोळीत त्या थांबल्या.

"हितं आठ दिसतोय, पर आठ न्हवं. बी हाय. तीनदा तितंच आपटले मी."

सुप्रियानं पुस्तकावरची अक्षरं ताडून पाहिली, जुळली. मशीनमधली पाचही मुक्ताबाईंनी न बघता सांगितली होती. तीही जुळली.

"काकू, ती चित्रं कसली? महाड, भोर?"

या प्रश्नाला मुक्ताबाई पहिल्यांदा लाजल्या. "ह्ये शेताच्या नळ्या काढत्यात ना, रेघा वडून. म्या पाठीमागनं बघायची. मनात आलं, शेताची रेघ निघतीया तर वाटंची बी निघंल. दसरा झाला की आमचा वाडा, म्हंजे मेंढरं आन् समदं बिऱ्हाड, हितनं निघायचा, कोकणात जायाला. कुठं मुक्काम, कुठं पाणी, कुठल्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, समदं डोक्यात हाय. आता कोण जात न्हाय त्या वाटंनं. म्हणलं, बघू किती आठवतंय."

सुप्रियानं खुर्ची सोडली. "बसा इथं."

"आता? ह्ये येतील की."

"येऊ देत. नंबर तुमच्या डोक्यात आहे, मी उगाच मध्ये कशाला?"

आराखडे आणि चित्रं दोन-दोन फ्लॉप्यांवर उतरवून झाली होती. तिनं सीडी घातली. दीड तास निळे पडदे सरकत राहिले. मधल्या वेळात दोघींनी भाकरी खाल्ली. सोपानचं काम लांबलेलं दिसत होतं. अखेर पडद्यावर पाच रिकामे चौकोन उभे राहिले आणि मुक्ताबाईंचं एक बोट एकेक बटण शोधू लागलं.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. मुक्ताबाईंचं बोट थबकलं. पण उठल्या नाहीत. राहिलेली चार अक्षरं त्यांनी दाबली आणि मगच मान वळवली. मानसिंगराव उंबऱ्यात चपला काढता काढता तसेच एका पायावर राहिले होते. मशीननं नंबर घेतला आणि पडदा पुढं सरकला.

"ही काय करतीया?" त्यांनी सुप्रियाला विचारलं.

"दिवाळीच्या आधी केलं तेच."

समजायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते बाजेवर बसले. "म्हंजे चादरीचं काय न्हवतं?"

"चादर म्या काढून ठिवली हुती," मुक्ताबाई म्हणाल्या. "करपली असती."

"आन् मी साऱ्या तालुक्याला सांगत फिरलो!" मानसिंगराव कपाळाला हात लावून बसले. राग त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला, पण टिकला नाही. त्यांना आतून हसायलाच येत होतं. "लासुर्ण्याला आता तोंड कसं दावू?"

फाइली परत जागच्या जागी बसल्यावर सुप्रियानं मुद्दाम भोरचं चित्र उघडलं. हिरव्या पडद्यावर एक लांब तांबडी रेघ, तिच्यावर काळी टिंबं. विहीर म्हणजे निळा गोल, मुक्काम म्हणजे पिवळा. मानसिंगराव उठून जवळ आले आणि त्यांनी एका पिवळ्या गोलावर बोट ठेवलं.

"ह्यो मुक्काम चुकलाय," ते म्हणाले. "नदीच्या अल्याड बसायचा वाडा."

"तुमच्या बापाचा बसत असंल. आमचा पल्याड."

"पल्याड चारा कुठं हुता?"

"तुमाला काय ठावं? तुमी साळंत हुता."

दोघं एकमेकांवर आवाज चढवून बोलत होते आणि दोघांची बोटं पडद्यावर एकाच रेघेवरून पुढं घाटाकडं सरकत होती. सुप्रियाची चारची गाडी गेली. पाचची होती.

निघताना मुक्ताबाई फाट्यापर्यंत सोडायला आल्या. वाटेत त्यांनी विचारलं, "एक सांग. नंबर बरोबर का चूक त्ये मशीनला कळतंय, म्हंजे त्येला बरोबर कुठला त्ये आदीच ठावं असणार. मग आपल्याला कशापायी इचारतंय?"

सुप्रियानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला ते ठाऊक नाही. सहा वर्षांत किती मशीनमध्ये किती नंबर घातले, पण हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

"विचारून सांगते," ती म्हणाली. "पुण्याला एक जण आहे, त्याला माहीत असेल."

"त्येलाबी ठावं नसलं तर?"

"तर आपण दोघी शोधू."

गाडी आली. खिडकीत जागा मिळाली. सुप्रियानं पिशवीतून कागद काढला आणि मुक्ताबाईंचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, विसरायच्या आत लिहून घेतला. भवानीनगर येईपर्यंत ती त्याच्याकडंच बघत होती.