वाचनकक्ष क्रमांक त्रेसष्ट

आमच्या गावात ग्रंथालय नाही. आमचं गावच ग्रंथालयात आहे. हे कसं झालं ते सांगून टाकतो, कारण पाहुण्यांना वाटतं आमच्याकडे सगळ्यांचा घसा बसलाय.

सव्वीस वर्षांपूर्वी जनावरांचा दवाखाना दुसरीकडे हलला आणि त्याची खोली रिकामी पडली. गावानं तिथं दोनशे अकरा पुस्तकं ठेवली आणि माझ्या आत्याला ग्रंथपाल केलं. तिचं अक्षर सुरेख होतं आणि तिला उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. ती रुजू व्हायच्या आदल्या दिवशी एक पेंटर येऊन खिडकीच्या बाजूला निळ्या रंगात नियम रंगवून गेला होता. आत्यानं आल्या आल्या खिडकीचं लाकडी दार आत ओढून भिंतीला टेकवलं आणि वाऱ्यानं आपटू नये म्हणून भिंतीतल्या बैल बांधायच्या कडीला तारेनं करकचून बांधलं. मग उजेडात नियम वाचला : ‘पुस्तक ग्रंथालयाबाहेर नेऊ नये.’

“नेऊ नये म्हणजे नेऊ नये,” आत्या म्हणाली. लोक तिथंच बसून वाचू लागले.

दुसऱ्या वर्षी शिंपीकाका शिडीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. त्यांच्या पुस्तकात तेव्हा नुकताच खून झाला होता. काकू धावत आत्याकडे आल्या. “पायाबद्दल चकार शब्द बोलत नाहीत गं. जावयानं मारलं की माळ्यानं, एवढंच विचारतात.”

आत्यानं रात्रभर नाही, चांगली पाच मिनिटं विचार केला. पुस्तक बाहेर जाऊ शकत नव्हतं, पण ग्रंथालय जाऊ शकत होतं. तिनं पत्र्याचा एक तुकडा घेतला, त्यावर ‘वाचनकक्ष क्र. २’ लिहिलं आणि काकांच्या दारावर ठोकला.

“आणि मधला रस्ता?” काकूंनी विचारलं.

“तो व्हरांडा.”

एकदा पायंडा पडला की पडला. सुईणबाईंना कधी कुठल्या घरी जावं लागेल याचा नेम नव्हता, म्हणून त्यांच्या एकटीच्या कादंबरीसाठी एकोणीस घरं आत घ्यावी लागली. न्हाव्याचं दुकान आलं, पिठाची गिरणी आली. आणि ग्रंथालय म्हटलं की शांतता आलीच. भाजीवाली पाटीवर भाव लिहून हिंडते. जावाजावा चिठ्ठ्यांवर भांडतात. आत्या त्या चिठ्ठ्या लाल शाईनं तपासून परत पाठवते आणि पुन्हा नीट लिहून काढेपर्यंत दोघींचा राग निवतो. दोन बोक्यांना लेखी समज दिलेली आहे. खायला मात्र ग्रंथालयात बंदी, म्हणून सगळ्यांची स्वयंपाकघरं बाहेर ठेवली. तेवढ्या जागेत तोंड सोडून बोलता येतं, फक्त तिथं पुस्तक न्यायचं नाही.

तर, माझ्या ताईला शहरात नोकरी लागली. डोळ्यांच्या दवाखान्यात, लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणार. बस एकच, दुपारी तीनची. आणि ताई होती नऊशे पानी कादंबरीच्या पाचशे बाराव्या पानावर.

भांडण अर्थातच स्वयंपाकघरात झालं. ताई उंबऱ्यात उभी, तोंड आत आणि पुस्तकाचा हात बाहेर.

“आत्या, मी हे घेऊन जाणार.”

“तू जा की. ते ठेव.”

“अगं, ती बाई अजून विहिरीतच आहे!”

“मग? मी ढकललंय का तिला?”

“वन्सं,” आई म्हणाली, “पोरीची नोकरी जाईल हो.”

“आणि माझी सव्वीस वर्षं जातील त्याचं काय, वहिनी? आज हिला सोडलं तर उद्या शिंपीकाका विचारतील, माझ्या दाराला खिळे का मारलेस?”

“बसला पाटी लाव ना,” मी सुचवलं.

“बस जाते शहरात. मग शहर आत घेऊ? एवढा पत्रा तुझा बाप देणार?”

“बापाचं काय आलं यात,” बाबा पातेल्यामागून म्हणाले.

“ठीक आहे,” ताई म्हणाली, “मी जातच नाही.” आणि हट्टात ती थेट आत्यावर गेलेली आहे.

तीन वाजता बस ग्रंथालयासमोर येऊन थांबली. हॉर्नला बंदी, म्हणून कंडक्टर रुमाल हलवत होता. ताई आतल्या बाकावर, बॅग पायाशी, पुस्तक मांडीवर. निरोप द्यायला शिंपीकाकांसकट अर्धं गाव आत जमलं होतं, पण ती उठायचं नाव घेईना. बसनं उडवलेला धुरळा खिडकीतून आत आला आणि आत्याला ठसका लागला.

“खिडकी लाव रे,” ती कुजबुजली. सव्वीस वर्षांत ती खिडकी पहिल्यांदाच लागणार होती.

तार गंजली होती. न्हाव्यानं पुस्तकात खूण म्हणून ठेवलेली कात्री घेऊन मी ती तोडली आणि दार लावलं.

दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीवरच्या नियमाला लागून, त्याच अक्षरात पुढची ओळ होती. ऊन न लागल्यामुळे निळा रंग कालच दिल्यासारखा होता. ‘न्यायचे असल्यास नाव लिहून न्यावे.’

सगळ्यांनी वाचलं. पेंटरनं बंद खिडकीवर रंगवलं होतं आणि आत्यानं ती वाचायच्या आधी उघडली होती. शिंपीकाकांनी एकदा ओळीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायाकडे. मग चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, आत्याकडे बघितलं आणि चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवून दिली.

आत्याचे कान लाल झाले होते.

“उघड ती,” ती हळूच म्हणाली. “उकडतंय.”

मी उघडली आणि बुटाच्या नाडीनं कडीला बांधली.

मग आत्या उठली, कपाटामागून पत्र्याचा तुकडा काढला, त्यावर ‘वाचनकक्ष क्र. ६३’ लिहिलं आणि ताईच्या बॅगेच्या पट्ट्याला बांधला. पुस्तक स्वतःच्या हातानं बॅगेत ठेवलं.

“हे बॅगेबाहेर काढायचं नाही.”

“मग वाचू कशी?”

“डोकं आत घाल.”

ताईनं तिला मिठी मारली, आवाज न करता, आणि बस पकडली. मागच्या काचेतून आम्हाला तिची फक्त पाठ दिसली. विहिरीतल्या बाईची चौकशी सुरू झाली होती.

लोक पांगल्यावर आत्यानं खणातून एक कोरी वही काढली. पहिल्या पानाच्या मध्यावर, त्या सुरेख अक्षरात, ताईचं नाव लिहिलं. पेन ठेवलं. पुन्हा उचललं आणि वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात शिंपीकाकांचं नाव लिहिलं, मग सुईणबाईंचं, मग न्हाव्याचं.

मी सगळं पाहिलं. पण बोलणार कसा, ग्रंथालयात होतो.