घरचा ओंडका

आमच्या डोंगरात मुली सासरी जाताना विणलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे नेतात. मी यंत्राची करवत घेऊन आले. माझे वडील लाकूडतोडीच्या टोळीत होते, त्यांना अभ्र्यांतलं काही कळत नव्हतं. दुकानदार त्यांना लांब पात्याची, मोठ्या ताकदीची करवत गळ्यात मारायला बघत होता. वडील म्हणाले, "माझ्या जावयाला जंगल साफ करायचं नाहीये, घर गरम ठेवायचंय." मग त्यांनी एकेक करवत हातात तोलून पाहिली आणि मधल्या पात्याची, मनगटाला हलकी अशी निवडली. लग्नाच्या गाडीत ती माझ्या पायाशी होती. झग्याला तेलाचा डाग पडला तो काही निघाला नाही.

माझे सासरे मिलिसाव. त्यांना मी ताता म्हणते. ताता कुऱ्हाडीचे माणूस. पाडायची पातळ पात्याची कुऱ्हाड वेगळी, फोडायची जाड आणि वजनदार वेगळी, फांद्या छाटायची छोटी वेगळी, आणि प्रत्येकीचा दांडा त्यांनी स्वतः तासलेला. करवत पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"ही नुसती भुंकते," ते म्हणाले. "कुऱ्हाड निदान गुमान काम करते."

"सुनेसारखी," माझा नवरा विदोये म्हणाला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि ताता हसले. घरात आम्ही तिघंच, मूलबाळ झालं नाही, पण हसायला कमी नव्हतं.

विदोयेने त्या करवतीला जीव लावला. पूर्वी महिनाभर चालणारं हिवाळ्याचं सरपण आठवड्याच्या आत व्हायला लागलं. ताता कुंपणापाशी उभे राहून बघायचे. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, "तोडा तुमची तुम्ही, पण धार मी लावणार. या घरात धार माझ्या हातची असते." विदोयेने कानस त्यांच्या हातात दिली. मला बरं वाटलं होतं. म्हाताऱ्यालाही त्यात वाटा मिळाला.

मग एका सप्टेंबरात विदोये गेला. वरच्या बीच झाडांच्या रानात तो आडवं पडलेलं झाड कापत होता. पात्याचं टोक पलीकडच्या फांदीला लागलं, करवत उसळून मागे आली आणि त्याच्या मानेत बसली. ताता शेजारीच होते. ते त्याला पाठीवर घेऊन उतार उतरले. मी दारात आले तेव्हा दोघांतला कोण जखमी आहे तेच मला कळेना, इतकं रक्त दोघांच्याही अंगावर होतं.

त्यानंतर करवत पोत्यात गुंडाळून पडवीमागच्या खोपीत गेली आणि आमच्या अंगणात तिचा आवाज बंद झाला. शेजारचा रादिशा, विदोयेचा लहानपणापासूनचा दोस्त, आपली करवत घेऊन यायचा. ताता त्याला फाटकातूनच परत पाठवायचे आणि दिवसदिवस कुऱ्हाड चालवत बसायचे. गाव म्हणायचं, म्हातारा हट्टी आहे. मला मात्र दुसरंच वाटायचं. करवतीचा विषय निघाला की ताता माझ्याकडे बघत नसत. कधी बोलले नाहीत, पण न बोललेलंच जास्त ऐकू येतं. ती वस्तू या घरात कोणी आणली? मी आणली. माझ्या पायाशी ठेवून आणली.

आणि मृतांचे शनिवार. वर्षातून चारदा आम्ही शिजवलेला गोड गहू, मेणबत्त्या आणि राकियाची बाटली घेऊन स्मशानात जातो, पहिला घोट मातीला देतो. प्रत्येक घर आपल्या माणसापाशी बसतं. विदोयेपाशी मी एकटी बसायचे. ताता म्हणायचे, "तू हो पुढे, मला खोपीत काम आहे." मृतांच्या शनिवारी कोणी लोखंडाला हात लावत नाही. मी परत आले की ताता खोपीतून हात पुसत बाहेर यायचे, अंगाला तेलाचा वास. कुऱ्हाडींना धार लावत बसले असतील, मी म्हणायचे. माझ्या शेजारी मुलाच्या कबरीपाशी बसण्यापेक्षा त्यांना कुऱ्हाडी बऱ्या वाटतात. मला राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त रडू यायचं. पण स्वयंपाकघरात आम्ही "मीठ दे", "सूप गार होतंय" एवढंच बोलायचो.

या वर्षी तातांचा खांदा गेला. कोट घालायलाही मी हात धरायचे. ट्रकवाल्याने अंगणात बीचचे ओंडके ओतले ते तसेच पडून राहिले. ऑक्टोबर सरत आला, वरच्या कड्यावर बर्फ दिसायला लागलं, आणि चुलीत घालायला एक फाटं नाही. चाचाक शहरातल्या माझ्या बहिणीचा फोन आला. "तू इकडे ये. तिथे गारठून मरशील त्या खडूस म्हाताऱ्यापायी."

मी तातांना सांगितलं, "लाकूड झालं नाही तर मी चाचाकला जाते. तुम्हीही चला."

"मी इथून आडवाच निघेन," ते म्हणाले. मग खिडकीकडे वळून, "तू जा. तुला इथे बांधून ठेवलेलं नाही कोणी."

ते मला लागलं. मला वाटलं, बघ, अखेर तोंडातून बाहेर पडलं. मी त्याच दिवशी माळ्यावरून पेटी काढली.

रादिशाला हे कळलं. तो फाटकापाशी थांबला नाही, सरळ स्वयंपाकघरात येऊन बसला.

"मिलिसावकाका, शनिवारी आम्ही मोबा करतो. मी, माझा भाऊ, खालचा तिओसाव. वहिनी जेवण करेल. संध्याकाळपर्यंत सगळं कापून, फोडून, रचून देतो."

मोबा म्हणजे गावाने एका घरासाठी फुकट राबायचं. ती नाकारता येत नाही, नाकारली तर शेजारधर्मच मोडतो. पण तिला एक अट असते: पहिला ओंडका घरच्या माणसाने घरच्या हत्याराने कापायचा. त्याआधी पाहुणा लाकडाला हात लावत नाही. मदत वेगळी आणि भीक वेगळी, ती या एका ओंडक्यामुळे.

तातांनी टेबलावरचा चरा नखाने कोरला. "या," ते म्हणाले. "पहिला मी कापीन. कुऱ्हाडीने."

"खांद्याचं काय?" रादिशाने विचारलं.

"खांदा माझा आहे. तू तुझी राकिया पी."

शनिवारी मी पहाटेपासून कोबी-मांसाची हंडी चढवली, मक्याच्या भाकऱ्या केल्या, कायमाक, म्हणजे दुधाची घट्ट मऊ साय, काढून ठेवली. माणसं आली, आपापल्या करवती कुंपणाला टेकवून उभी राहिली. तातांनी पातळ पात्याची कुऱ्हाड घेतली, एक बारकासा ओंडका निवडला. पहिला घाव बसला. दुसऱ्याला हात खांद्यापर्यंत गेलाच नाही. कुऱ्हाड तिरपी आपटली, सालपट उडालं. तिसऱ्याला ती हातातून निसटून चिखलात पडली. तिघंही पुरुष दुसरीकडे बघायला लागले. तिओसाव तर आभाळ बघत होता, जणू तिथे काही लिहिलंय.

मला ते सहन झालं नाही. म्हाताऱ्याची कीव आली, आणि त्याच दमात असा संताप आला की मी ॲप्रनला हात पुसत खोपीत गेले, पोतं ओढलं आणि करवत घेऊन बाहेर आले.

"हीसुद्धा घरचीच आहे," मी म्हणाले. "मी आणलीय. मला दोष द्यायचा असेल तर या सगळ्यांसमोर द्या, पण आज ओंडका कापला गेला पाहिजे."

ताता पांढरे पडले. "ती ठेव," ते म्हणाले. "देसांका, ती ठेव."

रादिशाने माझ्या हातातून करवत घेतली. पोत्यात इतकी वर्षं पडलेली, पण गंजाचा ठिपका नव्हता. टाकीत ताजं तेल होतं. त्याने पात्याभोवतीच्या दातेरी चेनवर अंगठा फिरवला आणि थांबला. उजेडाकडे धरून एकेक दात बघायला लागला.

"काका, ही चेन कोणी घासली?"

तातांनी मान वळवली तशी रादिशाने चेन माझ्यापुढे धरली.

"वहिनी, तू बघ. तुझ्या वडिलांनी तुला शिकवलंय."

मी पाहिलं. करवतीचा दात प्रत्येक घासणीला थोडा झिजतो. काम करणाऱ्याची चेन काही वर्षांत संपते. पण विदोये गेल्यापासून या चेनने लाकूड पाहिलं नव्हतं, आणि तिचे दात तांदळाच्या कणीएवढे राहिले होते. एकन् एक दात सारखा. मग खोपीतला तेलाचा वास आठवला आणि मृतांचे सगळे शनिवार आठवले.

ताता ओंडक्यावर बसले. ते माझ्याशीच बोलले, बाकीचे तिथे नसल्यासारखे.

"प्रत्येक दातापुढे एक बारीक उंचवटा असतो. तो कशासाठी, मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, दाताच्या वाटेत येतो. कुऱ्हाडीचं आपलं सरळ असतं, जितकी चावेल तितकी चांगली. म्हणून मी ते सगळे उंचवटे घासून खाली आणले. पोराला चांगली धार मिळावी म्हणून." त्यांनी चिखलातल्या कुऱ्हाडीकडे पाहिलं. "त्या सकाळी विदोये म्हणाला, ताता, आज काय लावलीय, कायमाकात सुरी जावी तशी जातेय. मला इतकं बरं वाटलं, पोरी."

तो उंचवटा दाताला एका वेळी किती खायचं ते सांगतो. तो नसेल तर दात हावरटासारखा लाकडाला धरतो आणि करवत उसळते. हे माझ्या वडिलांनी मला लहानपणीच दाखवलं होतं. तातांना कोणी दाखवलं नव्हतं.

"नंतर तालुक्याला एकाला विचारलं," ताता म्हणाले. "तो म्हणाला, उंचवटे पुन्हा वाढत नाहीत. दात मागे मागे घासत गेलं की दातच उंचवट्यांच्या बरोबरीला खाली येतात, मग माप जुळतं. मी ते जुळवत होतो. पोराच्या कबरीपाशी कुठल्या तोंडाने जाऊ? आधी हे नीट करावं, मग जावं."

"आणि मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही मला..." मी म्हणाले.

"तुला? तू काय केलंस? तू तर चांगली करवत आणलीस."

ते रादिशाकडे वळले. "तू रोज हेच काम करतोस. बघून सांग. आता बरोबर आहे का?"

रादिशाला खोटं बोलायची सवय नाही. त्याने पुन्हा चेन उजेडाला धरली, कानसेची कड दातांवर आडवी टेकवून बघितली. "टोक फांदीला लागलं तर कुठलीही करवत उसळते, काका. माझीही."

"मी ते विचारलं नाही."

"बरोबर आहे," रादिशा म्हणाला. "सगळे एका मापाचे आहेत. मलाही इतकं नीट जमत नाही. फक्त दात उरले नाहीत."

तातांनी मान हलवली. मग हात पुढे केला. "दे इकडे. पहिला ओंडका घरचा."

रादिशाने पेट्रोल भरून करवत चालू करून दिली. इतक्या वर्षांनी अंगणात तो आवाज घुमला आणि ताता दचकले, पण त्यांनी ती सोडली नाही. एका हाताने पेलेना म्हणून मी मागून त्यांच्या हातांवर हात ठेवले. आम्ही पातं ओंडक्यावर टेकवलं. चेन नुसतीच फिरत राहिली. साल सोलली गेली, पिठासारखा बारीक भुसा उडाला, लाकडाला जळका वास आला आणि बोटभर रुंद काळी रेघ उमटली. आम्ही जोर लावला, आणखी जोर लावला. ओंडका काही कापला जाईना.

तातांनी करवत बंद केली. ते त्या रेघेकडे बघत राहिले.

"नाही कापत," ते म्हणाले.

"नाही, ताता."

"मग आता ती कुणाला काही करणार नाही," असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडायला लागले. रादिशाने टोपी काढली, त्या काळ्या रेघेवर बोट फिरवलं आणि बाकीच्यांना म्हणाला, "घरचा ओंडका झालाय. चला, लागा कामाला."