घरातला रेग्युलेटर

"रेग्युलेटर इतक्यात घेऊ नका हं," स्कूबा शिकवणाऱ्या बाई पहिल्या दिवसापासून सगळ्या नवशिक्यांना बजावत. "आधी चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क घ्या. रेग्युलेटर भाड्याचा चालतो. तो तोंडात आहे हेच ज्या दिवशी विसराल ना, त्या दिवशी स्वतःचा घ्यायला या."

बाकीची पोरंसोरं माना डोलवायची. मावशी मात्र ठसक्यात म्हणायच्या, "मला घ्यायचाच नाहीये. आमच्या घरात आहे."

वर्गात पन्नाशी उलटलेल्या त्या एकट्याच, म्हणून सगळ्यांच्या मावशी. आतापर्यंत रेग्युलेटर म्हटलं की त्यांना गॅसचाच आठवायचा. पाण्याखाली पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं हे नळ्यांचं जंजाळ यजमानांचं होतं. सुट्टी मिळाली की ते समुद्रात उतरायचे आणि मावशी किनाऱ्यावर त्यांच्या चपला सांभाळत बसायच्या. "एकदा येऊन तर बघ," ते म्हणायचे. "मेल्यावर बघू," मावशी म्हणायच्या आणि दोघं हसायचे. मग यजमान गेले, हृदयविकारानं, दवाखान्यातल्या कोरड्या ठणठणीत खाटेवर. तेव्हापासून ती थट्टा मावशींच्या घशात अडकून बसली होती.

"आई, या वयात हे काय खूळ?" लेक म्हणाली. खूळ तर खूळ. रेग्युलेटरचं जे रबर दातांत धरायचं असतं, त्यावर यजमानांच्या दातांचे ठसे होते. मावशींना समुद्रात जाऊन, ते जायचे तिथेच, त्याच ठशांत आपले दात टेकवायचे होते. म्हणून तर घरी त्यांनी ते कधी तोंडाला लावलं नव्हतं, धड निरखूनही पाहिलं नव्हतं. डोळे भरून यायचे आणि पिशवी परत कपाटात जायची. आता हे चारचौघांत सांगणार कसं? लाज वाटायची.

भाड्याच्या रेग्युलेटरवर तलावातला सराव संपला आणि समुद्राचा दिवस ठरला. "मावशी, इतके दिवस पडून राहिलेला रेग्युलेटर तपासून घेतल्याशिवाय मी काही उतरू देणार नाही," बाई म्हणाल्या. ते बरोबरच होतं. मागच्या खोलीत दुरुस्तीला पान्या बसायचा. त्याचं खरं नाव बहुधा त्याच्या बायकोलाच ठाऊक असावं, पण कामाला वाघ. मावशींनी पिशवी त्याच्या हातात दिली आणि "जपून रे," एवढंच म्हणाल्या.

निघायच्या सकाळी पान्यानं रेग्युलेटर मोठ्या कौतुकानं समोर ठेवला. "घ्या, नव्यासारखा केलाय." मावशींनी उलटसुलट पाहिला. तोंडाशी पांढरं, गुळगुळीत रबर होतं.

"जुनं रबर कुठाय?"

"ते मी सगळ्यात आधी काढून टाकतो, कोणाचंही असो. दुसऱ्याचं उष्टं कशाला तोंडात घालायचं?"

"अरे, उष्टंच हवं होतं मला. ह्यांचं होतं ते."

पान्याचा चेहरा पडला. काढलेली रबरं तो एका डब्यात टाकायचा आणि डबा भरला की फेकून द्यायचा. डबा अजून भरलेला नव्हता. त्यानं तो टेबलावर रिकामा केला. सगळी काळी, सगळी चावलेली. मावशी एकेक उचलून उजेडात धरू लागल्या. खोकल्यावरून त्यांनी यजमान ओळखले असते. चपलांच्या ढिगातून त्यांची चप्पल डोळे मिटून काढून दिली असती. पण दात ओळखता येईनात. इतक्या वर्षांच्या संसारात माणसाचे दात कोण बघून ठेवतं? त्या टेबलाशीच हमसून हमसून रडल्या.

"हेच असेल बघा, मावशी," पान्या एक रबर पुढे करत म्हणाला. बिचारा अंदाजानं सांगतोय, हे त्यांना कळलं.

"नको रे बाबा. दुसऱ्या कुणाचं निघालं तर?"

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "होडी तयार आहे, मावशी. येताय ना? की आज राहू दे?"

"येते." मावशींनी तोंड पुसलं.

"मग तुमचा रेग्युलेटर घ्या."

तो टेबलावर लखलखीत पडला होता. मावशींनी त्याला हात लावला नाही.

"भाड्याचा द्या," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात नाहीये."