गुलाल आधी, कायदा मागनं

हुपरीचा चन्नाप्पा घरातच चांदीच्या पैंजणांचे जोड झाळायचा, म्हणजे डाक देऊन सांधायचा. तेजाबाच्या धुरानं त्याची छाती पार कामातनं गेली होती. घरी बसून चांदीकाम करणाऱ्यांना सरकारी औषधपाणी मिळावं, असं विधेयक आमदार हंबीररावांनी मुंबईत मांडलं, आणि त्याच संध्याकाळी गावात हलगी वाजली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, पण गुलालाला कुठं धीर असतो? चन्नाप्पाची बायको शिवगंगा नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, नुसतं मांडलंय, बाई. अजून कायदा झालेला नाही.

मग मंत्र्यांनी सांगितलं, तुमचं मागं घ्या, सरकार स्वतःचं आणतंय. हंबीररावांनी मागं घेतलं. त्याचाही गुलाल झाला. सरकारी विधेयक समितीकडं गेलं. समितीनं दोन पावसाळे चहा घेतला. पुढं कलमवार चर्चेत कुणाला तरी काळजी पडली, की घरोघरी तपासणीला माणसं कुठनं आणायची? म्हणून 'घरी' काढून 'नोंदणी झालेल्या कारखान्यात' अशी दुरुस्ती आली. अध्यक्षांनी मत विचारलं. सर्वांत मोठ्यानं 'होय' म्हणाले ते हंबीरराव. वरच्या सभागृहानं मान डोलावली, राज्यपालांची सही झाली, राजपत्रात छापून आलं. नोंदणी झालेला कारखाना हुपरीत औषधालाही नव्हता.

"सायेब, तुमीबी व्हय म्हणलासा?" शिवगंगेनं विचारलं.

"सगळीच म्हणत हुती, आक्का. अडवलं असतं तर कायदाच झाला नसता की."

तिच्या अंगाची आग झाली. आठवड्यात आमदारांच्या सत्काराचं काम तिच्याच दारात आलं. चांदीची गदा करायची होती. चन्नाप्पाला उठून बसवत नव्हतं, म्हणून शेगडीपुढं तीच बसली आणि नवऱ्याचा खोकला ऐकत तिनं गदा पुरी केली.

सत्काराच्या दिवशी गुलालात न्हालेल्या हंबीररावांनी गदा वर उचलली. दांडा हातात राहिला, गोळा घरंगळत पहिल्या रांगेत गेला.

"आक्का, जोड झाळला न्हाईस व्हय?"

"जोड घरी झाळत्यात, सायेब," शिवगंगा बसल्या जागेवरनं म्हणाली. "घरचं काम कायद्यात बसत न्हाय."

हलगी थांबली. गुलाल मात्र उधळून झाला होता.